भिंत फोडण्याआधी: घरात लपलेली पाण्याची गळती कशी शोधावी

ओल भिंतीच्या खालच्या अंगाला होती. गुडघ्याएवढ्या उंचीवर, वीतभर रुंद, कडेने पोपडे सुटलेले. अलीकडे बेडरूम, पलीकडे बाथरूम. मी तेव्हा स्वतंत्र कामं घ्यायला नुकती सुरुवात केली होती. बाथरूममध्ये शिरलो, डागाच्या बरोबर मागची जागा मापून काढली आणि छिन्नी लावली. अकरा टाइल्स निघाल्या. आतली वीट ओली होती, पण पाइप धडधाकट. चीर नाही, जोड नाही, कुठे थेंबही नाही.

त्या घरातल्या काकू मला दारातच म्हणाल्या होत्या, "सकाळी सगळ्यांच्या अंघोळी उरकल्या की डाग काळवंडतो रे, आणि रात्रीपर्यंत परत फिका पडतो." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. गळती सापडली ती दुसऱ्या दिवशी, डागापासून पाच फूट वर. मिक्सरपासून, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळापासून, शॉवरपर्यंत जो उभा पाइप भिंतीतून जातो, त्याच्या वरच्या एल्बोचा, म्हणजे काटकोनी जोडाचा, आटा (फिरवून बसवायची पेचाची खाच) चिरला होता. या पाइपात एरवी पाणी दाबाखाली नसतंच. शॉवरचा कॉक फिरवला की तेवढ्यापुरतं त्यात पाणी चढतं. म्हणून ओल फक्त अंघोळीनंतर वाढायची. पाणी पाइपासाठी कापलेल्या खाचेतून खाली उतरत होतं आणि जिथे प्लास्टर कच्चं होतं तिथे बाहेर फुटत होतं. काकूंच्या त्या एका वाक्यात पत्ता होता, आणि मी त्यांच्या अकरा टाइल्स फोडल्या. त्या डिझाइनच्या टाइल्स पुन्हा मिळाल्याही नाहीत.

तेव्हापासून मी कुठल्याही घरात गेलो की ओल कुठे आहे हे नंतर बघतो. ती कधी वाढते, हे आधी विचारतो. खाली लिहिलेल्या बहुतेक तपासण्या तुम्हाला स्वतःला करता येतात. पेन्सिल, टिश्यू पेपर, चिकटपट्टी आणि दोन-चार दिवसांचा धीर एवढंच लागतं.

डागाला तारीख घाला

ओलीच्या कडेने पेन्सिलने बारीक रेघ ओढा. रेघेला लागून तारीख आणि वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी, संध्याकाळी पुन्हा बघा. कड पुढे सरकली असेल तर नवी रेघ, नवी वेळ. शेजारी एका कागदावर घरात पाण्याचं काय काय झालं ते टिपा: अंघोळी किती वाजता, कपड्यांचं मशीन कधी लावलं, बाहेर पाऊस होता का, घर बंद होतं का. तीन-चार दिवसांत त्या रेघा बोलायला लागतात.

घर दोन दिवस बंद होतं, एक नळ कोणी उघडला नाही, तरी रेघ पुढे सरकली, तर कायम दाबाखाली असणारा पाइप गळतोय. मिक्सरपर्यंतची थंड किंवा गरम पाण्याची लाइन, फ्लशच्या टाकीकडे जाणारी लाइन, गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा पाइप, यांपैकी काहीतरी. वापरानंतर दोन-चार तासांनी ओल वाढते आणि मग उतरते, तर फक्त वापरताना पाणी येणाऱ्या जागा बघायच्या: बेसिनचा किंवा बाथरूमचा ड्रेन, टाइल्सचे सांधे, नहाणी ट्रॅपचा (बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालच्या भांड्याचा) जोड, किंवा काकूंच्या घरासारखा शॉवरचा उभा पाइप. फक्त पावसात वाढते, तर प्लंबिंगला बोल लावू नका. बाहेरच्या भिंतीच्या चिरा आणि खिडकीचा खालचा कट्टा तपासा. तळमजल्याच्या भिंतीला जमिनीपासून सुरू होऊन लांबच लांब पट्टा धरला असेल आणि तो साधारण मीटरभर उंचीच्या वर जात नसेल, तर बहुधा जमिनीतली ओल विटा शोषून घेतायत. त्यात पाइप शोधत बसलात तर आयुष्यभर सापडणार नाही.

एक शंका उरते. ही ओल आतून येतेय, की खोलीतल्या दमट हवेचं पाणी थंड भिंतीवर जमतंय? त्यासाठी जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर तुकडा घ्या. भिंतीचा तो भाग वरवर कोरडा पुसून त्यावर तुकडा ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. २४ ते ४८ तासांनी बघा. प्लॅस्टिकच्या तुमच्याकडच्या बाजूवर दव असेल तर ते हवेतलं. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. हा तुकडा जपून ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

भिंतीवर पांढरी भुकटी दिसली, म्हणजे लोणा लागला, तर तिथून पाणी बऱ्याच दिवसांपासून येऊन वाळतंय असं समजा. विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडून गेलं की मागे राहतात. ती भुकटी कालची नसते.

आणि ओल स्विचबोर्डाच्या जवळ असेल, दिव्याच्या खोबणीतून थेंब पडत असेल, तर बाकी सगळं राहू द्या. आधी मेन स्विच बंद करा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. ओल्या भिंतीला हात लावून बघण्याची घाई तिथे करू नका.

मीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही

पाण्याचा मीटर असेल तर घरातले सगळे नळ बंद करा. कपड्यांचं मशीन, आपोआप भरणारा वॉटर प्युरिफायर, बागेची लाइन हेही बंद. फ्लशच्या टाक्या भरेपर्यंत थांबा. मग मीटरच्या काचेत बघा. बऱ्याच मीटरांत एक छोटं चांदणीसारखं किंवा त्रिकोणी चक्र असतं. अगदी बारीक प्रवाहालाही ते फिरतं. सगळं बंद असताना ते हळूहळू सरकतंय, तर मीटरच्या पुढे कुठेतरी पाणी जातंय. चक्र नसेल तर आकड्यांचा फोटो काढा, दोन तास कोणीही पाणी वापरू नका, परत फोटो काढा.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, आणि मी ती प्रत्येक घरात समजावून सांगतो. मीटरचं पाणी आधी टाकीत पडत असेल आणि घराला पाणी टाकीतून येत असेल, तर मीटर फक्त टाकीपर्यंतच्या लाइनची साक्ष देतो. टाकी भरलेली आहे आणि बॉल कॉक (तरंगत्या गोळ्यामुळे, म्हणजे फ्लोटमुळे, टाकी भरली की आपोआप बंद होणारा कॉक) बंद आहे, तर बाथरूममध्ये तासाला दोन लिटर गळत असले तरी मीटर काही काळ स्वस्थ दिसेल. 'मीटर फिरत नाही, म्हणजे गळती नाही' असं मानून वर्षभर ओल सोसलेली घरं मी पाहिली आहेत. अशा घरात टाकीच मोजायची.

रात्री शेवटचा नळ बंद झाल्यावर टाकीत येणारं पाणी बंद करा. एक कोरडी, सरळ काठी टाकीच्या तळाला टेकवून बाहेर काढा, ओली खूण जिथे आली तिथे पेन्सिलने रेघ मारा. टाकीचं झाकण नीट लावा. झाकलेल्या टाकीतून रात्रभरात वाफेने जाणारं पाणी नगण्य असतं. सकाळी कोणी नळ उघडण्याआधी तीच काठी त्याच जागी बुडवा. उभ्या सरळ गोल टाकीचा व्यास १ मीटर असेल तर १ सेंटिमीटर घट म्हणजे जवळजवळ ८ लिटर. चौकोनी टाकी आतून १ मीटर बाय १ मीटर असेल तर १ सेंटिमीटरला बरोबर १० लिटर. आठ तासांत २ सेंटिमीटर उतरलं, तर गोल टाकीतून तासाला दोन लिटर गेले.

ही परीक्षा दोन रात्री करा. पहिल्या रात्री टाकीतून बाहेर जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवून, दुसऱ्या रात्री ते उघडे ठेवून, पण घरातले नळ बंद. पहिल्या रात्री पातळी जागची हलली नाही आणि दुसऱ्या रात्री उतरली, तर टाकी बरी आहे, खालच्या पाइपांत गळती आहे. दोन्ही रात्री उतरली तर टाकीलाच चीर असेल, किंवा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल. जुने गेट व्हॉल्व्ह तळाशी कचरा साचून अर्धवट बसतात आणि तपासणी फसवतात. व्हॉल्व्ह धरतोय का हे बघायला तो बंद करून घरातला सगळ्यात खालचा नळ उघडा. पाइपातलं साठलेलं पाणी संपलं की धार थांबली पाहिजे. पंधरा मिनिटांनीही बारीक धार चालूच असेल तर आधी व्हॉल्व्ह बदला, मग मोजायला घ्या.

टाकीऐवजी प्रेशर पंप असेल तर कान उघडे ठेवा. मध्यरात्री, कोणी पाणी घेत नसताना पंप दर काही मिनिटांनी 'खट्' करून चालू होतोय, याचा अर्थ लाइनमधला दाब कुठेतरी उतरतोय. पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद करून बघा. तरीही पंप सुरू होत राहिला तर दोष पंपाच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये (पाणी उलटं फिरू न देणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) किंवा तिथल्याच जोडात. थांबला तर गळती घरात आहे.

खोलीखोलीने आवळत आणा

गळती आहे हे ठरलं की घराचे भाग पाडायचे. बहुतेक बाथरूमना आणि किचनला स्वतंत्र कन्सिल्ड कॉक, म्हणजे भिंतीत बसवलेला बंद करायचा कॉक, असतो. एका वेळी एकच भाग बंद ठेवून तीच तपासणी पुन्हा करा. जो भाग बंद केल्यावर मीटर किंवा टाकी स्थिर राहते, गळती त्या भागात.

मग थंड की गरम? गीझरला जाणारा कॉक बंद केला की गरम पाण्याची अख्खी लाइन बाजूला पडते. पण त्याआधी सगळ्या मिक्सरचे दोन्ही कॉक बंद आहेत ना, हे बघा. काही घरांत मिक्सर उघडा ठेवून पुढच्या हँड शॉवरच्या बटणावर पाणी थांबवतात. तेव्हा थंड आणि गरम लाइन मिक्सरच्या आत एकमेकींना मिळालेल्या असतात, गीझरचा कॉक बंद करूनही गरम लाइनमध्ये थंड बाजूने पाणी येत राहतं आणि निष्कर्ष चुकतो. मी स्वतः एकदा यामुळे अर्धा दिवस भलत्या भिंतीसमोर घालवला आहे.

गरम लाइन फरशीखालून जात असेल तर अनवाणी चालून बघा. मात्र गरम पाणी वापरून तीन-चार तास उलटल्यावर, कारण वापरानंतर चांगला पाइपही फरशी थोडी कोमट करतो. गीझर चालू ठेवून, पाणी न वापरता, एकच जागा कोमट राहत असेल तर तिथे खूण करा. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडे थेंब पडतात, कारण तापलेलं पाणी प्रसरण पावतं. त्याला घाबरू नका. गीझर बंद असतानाही थेंब चालूच असतील, तर व्हॉल्व्ह बिघडलाय किंवा लाइनचा दाब जास्त आहे.

फ्लशची टाकी

घरात आवाज न करता सगळ्यात जास्त पाणी घालवणारी जागा हीच, आणि भिंतीवर तिचा एक डागही पडत नाही. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचा वॉशर पाणी धरत नाही. टाकी भिंतीत असेल आणि झाकण काढणं जमत नसेल, तर भांड्याची मागची आतली बाजू पुसून कोरडी करा आणि तिथे टिश्यू पेपरची पट्टी चिकटवा. पाच मिनिटांत पट्टी वरून भिजत आली तर पाणी झिरपतंय.

दोष वॉशरचा की बॉल कॉकचा, हे असं ओळखा. टाकीखालचा अँगल कॉक (भिंतीतून येणारं पाणी बंद करायचा छोटा कॉक) बंद करा, आतल्या पातळीवर पेन्सिलने खूण करा, तासाभराने बघा. पातळी ओव्हरफ्लो नळीच्या (जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या उभ्या नळीच्या) तोंडाखाली उतरत गेली तर तळाचा वॉशर. पातळी हललीच नाही, पण कॉक उघडल्यावर पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापर्यंत चढून आत सांडतंय, तर बॉल कॉक वेळेवर बंद होत नाही. पातळी त्या तोंडाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली थांबेल असा फ्लोट खाली घ्या.

वापरलं की गळतं, अशी गळती

मला विचाराल तर सगळ्यात जास्त भिंती इथे उगाच फुटतात. सांडपाण्याच्या पाइपात दाब नसतो, त्यामुळे मीटर, टाकी, प्रेशर टेस्ट कशातच ही गळती दिसत नाही. तिला पायरीपायरीने बोलतं करावं लागतं, आणि एका दिवशी एकच पायरी. पाणी टाइल्सखालच्या भरावातून झिरपत खाली पोचायला कित्येक तास घेतं. एकाच सकाळी चार गोष्टी करून बघितल्या तर संध्याकाळच्या ओलीचं श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही.

पहिल्या दिवशी बाथरूमचा ड्रेन वापरायचाच नाही. शॉवर चालू करा, पण सगळं पाणी बादलीत धरा आणि ती बादली दुसरीकडे नेऊन रिकामी करा. ओल वाढली तर शॉवरचा उभा पाइप किंवा मिक्सर. नाही वाढली तर दुसऱ्या दिवशी फक्त बादलीभर पाणी थेट नहाणी ट्रॅपच्या जाळीवर ओता, फरशी ओली होऊ देऊ नका. त्याने वाढली तर ट्रॅप किंवा त्याखालचा पाइप. तिसऱ्या दिवशी ट्रॅपचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, फरशीवर दोन सेंटिमीटर पाणी साठवा, उंबऱ्याच्या बाहेर जाणार नाही एवढंच. भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करा. रात्रभरात पातळी चांगलीच खाली गेली, किंवा खालच्या छताला ओल आली, तर फरशीचं वॉटरप्रूफिंग किंवा ट्रॅपच्या भोवतीचा सांधा गेलाय. चौथ्या दिवशी शॉवरची धार फक्त भिंतीच्या टाइल्सवर, दहा मिनिटं. तेव्हा वाढली तर टाइल्समधली सांध्यांची भरणी बघा. मिक्सरच्या गोल झाकणांमागे तर हमखास मोकळी जागा असते.

खालच्या घरातल्या लोकांना आधी सांगून ठेवा आणि त्यांच्या छतावरच्या डागालाही पेन्सिलची रेघ ओढू द्या. वर आणि खाली दोन्हीकडच्या वेळा जुळवल्याशिवाय या गळतीचा उलगडा होत नाही, आणि दोन घरांमधली कुरबूर निम्म्याने कमी होते ती वेगळीच.

ड्रेनमध्ये रंगीत पाणी ओतायची युक्ती पुष्कळजण सांगतात. रंग खाली दिसला तर पक्का पुरावा. पण दिसला नाही म्हणून ड्रेनला निर्दोष सोडू नका. प्लास्टर आणि भराव रंग अडवून धरतात, आणि खाली येतं ते नितळ पाणी.

बेसिन आणि सिंकखाली टिश्यू पेपर वापरा. आधी सगळे जोड फडक्याने कोरडे करा. मग बेसिन काठोकाठ भरा, काठाखालच्या ओव्हरफ्लोच्या भोकातून पाणी जाईल इतकं, आणि बूच एकदम काढा. पाणी जात असताना कोरडा टिश्यू एकेका जोडाभोवती फिरवा: वेस्ट कपलिंग (बेसिनच्या भोकात बसवलेला जोड), बॉटल ट्रॅपच्या (त्याखालच्या बाटलीसारख्या भांड्याच्या) चकत्या, भिंतीत जाणारा पाइप, अँगल कॉक, कॉकपासून नळाला जाणाऱ्या लवचिक कनेक्शन पाइपच्या दोन्ही टोकांचे नट. बोटाला न जाणवणारी ओल टिश्यूवर लगेच दिसते. विणलेल्या स्टीलच्या कनेक्शन पाइपवर गंज किंवा फुगवटा दिसला, तर तो गळेपर्यंत वाट बघू नका, आजच बदला. थेंब पडताना दिसलाच तर त्याखाली भांडं दहा मिनिटं धरा, जमलेलं पाणी मोजा आणि १४४ ने गुणा. तेवढं पाणी २४ तासांत जातंय.

ऐकणं

दाबाखालच्या पाइपातून बारीक भोकातून पाणी बाहेर पडताना सतत 'स्स्स' असा आवाज येतो. रात्री पंखे, फ्रिज, पंप सगळं शांत झालं की लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक नळाच्या किंवा कॉकच्या धातूवर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. डॉक्टरांकडचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तम. घरातल्या सगळ्या नळांवर ऐका. जिथे आवाज सगळ्यात स्पष्ट, त्याच्या जवळ गळती. लोखंडी, जस्ताचा थर दिलेल्या जीआय पाइपात आवाज लांबवर जातो, सीपीव्हीसी किंवा पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पाइपांत लवकर मरतो, म्हणून प्लॅस्टिकच्या लाइनवर थोड्या-थोड्या अंतराने ऐकावं लागतं. विजेच्या बोर्डाजवळ हा प्रयोग नको.

यंत्रं आणि प्रेशर टेस्ट

थर्मल कॅमेरा भिंतीतलं पाणी दाखवतो असा समज आहे. तो फक्त पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. गरम लाइन गळत असेल तर चित्र सुरेख येतं. थंड लाइनचं तापमान भिंतीइतकंच असेल तर काहीच दिसत नाही, किंवा ओल उडून थंड पडलेला डाग दिसतो, जो तुम्हाला आधीच माहीत असतो. मॉइश्चर मीटर उपयोगी आहे, पण लोणा लागलेल्या भिंतीवर क्षारांमुळे तो उगाच जास्त आकडा दाखवतो. एकाच आकड्यावर विसंबू नका. दर वीतभर अंतरावर आकडे घेऊन भिंतीवर लिहा आणि ते कुठल्या दिशेने चढत जातात ते बघा. माग सापडेनासाच झाला तर ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन असलेला वायू रिकाम्या पाइपात भरून फरशीवर सेन्सर फिरवणारे तंत्रज्ञ असतात. जमिनीखालच्या लांब लाइनसाठी ते फार उपयोगी पडतं.

दाबाच्या लाइनची शहानिशा करायला प्रेशर टेस्ट. गीझर आणि फ्लशच्या लाइन बंद करून, नळांच्या जागी प्लग लावून, हातपंपाने पाणी भरतात आणि गेजची सुई बघतात. आधी पाइपातली हवा पूर्ण काढायला लावा. प्लॅस्टिकचे पाइप सुरुवातीला किंचित ताणले जातात, त्यामुळे सुई पहिल्यांदा थोडी खाली येते. पुन्हा पंप मारून मग अर्धा-एक तास बघायचं. थंड आणि गरम लाइन वेगवेगळ्या तपासायच्या. सुई ढळली नाही, तर त्या लाइनवर छिन्नी लावायची गरज नाही. पाइपाला झेपेल त्यापेक्षा जास्त दाब देऊन 'बघू फुटतो का' असं करणाऱ्याला तिथेच थांबवा.

आता फोडायचं

सरळ पाइप मध्येच सहसा गळत नाही. गळतो तो जोडाशी: मिक्सरमागचा पितळी एल्बो, टी, सॉकेट. जीआय पाइप आट्यांपाशी गंजतो, कारण आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो आणि तिथली जाडीही कमी होते. सीपीव्हीसीत सोल्युशन (पाइप चिकटवायचा द्रव) कमी पडलेला किंवा अर्धवट आत बसलेला जोड. मध्येच गळती निघाली तर जवळपास खिळा किंवा स्क्रू शोधा. एका किचनमध्ये रॅक बसवून दोन वर्षं झाली होती, मग ओल आली. स्क्रू पाइपात घुसला होता आणि स्वतःच भोक बुजवून बसला होता. तो गंजून बारीक झाला तेव्हा पाण्याला वाट मिळाली. तिथल्या ताई सांगत होत्या, "भाऊ, या भिंतीला इतक्यात कोणी हात लावलेला नाही." ते खरंच होतं. म्हणून भिंतीवर काय काय ठोकलंय ते विचारताना मी आता 'इतक्यात' हा शब्द वापरत नाही.

डागापासून वरच्या बाजूला, सगळ्यात जवळचा जोड निवडा. टाइलच्या कडेची भरणी आधी कटरने कापा, मग टाइलच्या मध्यावर छिन्नी लावून कडेकडे या. म्हणजे शेजारच्या टाइल्स तडकत नाहीत. पाइप उघडा झाला की फडक्याने पुसा, जोडाभोवती टिश्यू गुंडाळा, पाणी सोडा आणि अर्धा तास हात लावू नका. टिश्यू वरून भिजला तर गळती अजून वर आहे. जोडाच्या कडेने गोल भिजला तर सापडली.

दुरुस्ती झाल्यावर सोल्युशनच्या डब्यावर लिहिलेला वेळ पुरा होऊ द्या, प्लास्टरआधी पुन्हा प्रेशर टेस्ट करा, आणि उघड्या पाइपाशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा: फरशीपासून किती, कोपऱ्यापासून किती. पुढे रॅक लावताना तो फोटो कामाला येतो.

भिंत मात्र लगेच वाळत नाही. जाड भिंतीला आठवडे, कधी महिने लागतात. पोपडे आणि सुटलेलं प्लास्टर खरवडून काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, आणि खोलीत हवा खेळती ठेवा. पेन्सिलच्या जुन्या रेघा पुसू नका, डाग त्यांच्या आत मागे सरकताना दिसला पाहिजे. डाग दिसेनासा झाला की तो प्लॅस्टिकचा तुकडा परत त्याच जागी चिकटवा. ४८ तासांनी मागची बाजू कोरडी निघाली, तर रंगाऱ्याला बोलवा.